एका अक्षराचा पुरावा: यकृताचा कर्करोग आणि कोडॉन 249



पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला होता. शेवटच्या स्लाइडवर ठोकून लिहिलं होतं, "अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो, हे उत्परिवर्तनावरून सिद्ध झालं." मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कशाच्या तुलनेत?" मला उत्तर देता आलं नाही. आज त्या उत्तराचा इतिहास सांगते. तुम्ही पेट किंवा मुलाखतीची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी विचारला जाणारच.

गोष्ट सुरू होते 1960 साली, इंग्लंडमध्ये. काही महिन्यांत सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. कारण कळेना, म्हणून आजाराला नावच पडलं 'टर्की एक्स'. माग काढता काढता लोक पोहोचले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. पेंडीला अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी लागली होती. तिच्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. पुढे प्रयोगशाळेतल्या उंदरांना हे विष दिल्यावर त्यांच्या यकृतात गाठी होतात, हेही दिसलं.

आता गंमत बघा. अफ्लाटॉक्सिन जसंच्या तसं डीएनएला चिकटत नाही. यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्यावर सायटोक्रोम पी450 ही विकरं चालवतं आणि त्यातूनच अतिशय क्रियाशील इपॉक्साइड तयार होतं. ते डीएनएमधल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. 1977 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी या जोडणीची रचना ओळखली. असं ग्वानिन असलेल्या डीएनएची नक्कल होताना चूक होते आणि बहुतेक वेळा जीच्या जागी टी येतो.

दुसरा धागा पी53 या प्रथिनाचा. ते सापडलं 1979 मध्ये; पण ते गाठ रोखणारं प्रथिन आहे, हे स्पष्ट व्हायला 1989 उजाडलं. डीएनएला इजा झाली की पेशीतला संकेतमार्ग पी53 ला जागं करतो. मग पी53 पी21 सारखी जनुकं चालू करून पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. थोडक्यात, हा ब्रेक आहे.

1991 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन पेपर आले. एक चीनमधल्या यांगत्झे नदीच्या मुखाजवळच्या चिडोंग भागातल्या रुग्णांवर, दुसरा दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या रुग्णांवर. चिडोंगच्या 16 पैकी 7 गाठींत अगदी एकच बदल होता: कोडॉन 249 मध्ये एजीजीचं एजीटी, म्हणजे आर्जिनिनच्या जागी सेरिन. पी53 जनुकात बदल कितीतरी ठिकाणी होऊ शकतो. मग जवळजवळ निम्म्या गाठींत तोच कसा? आणि तोही जी ते टी!

इथेच मी थांबले होते. पण या भागांत हिपॅटायटिस बी सुद्धा भरपूर होता. तैवानमध्ये 22,707 पुरुषांच्या पाहणीत यकृताच्या कर्करोगाने झालेल्या 41 मृत्यूंपैकी 40 या विषाणूच्या वाहकांचे होते, हे 1981 मध्येच छापून आलं होतं. मग ही खूण विषाची की विषाणूची?

उत्तर तुलनेतून आलं. 1991 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये अनेक देशांतल्या गाठींची तपासणी प्रसिद्ध झाली. अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या 72 गाठींपैकी 12 मध्ये हा बदल होता. इतर भागांतल्या 95 मध्ये एकातही नाही. 1994 मध्ये शांघायच्या अभ्यासात, आजार होण्याआधी साठवलेल्या लघवीच्या नमुन्यांवरून धोका मोजला गेला: फक्त अफ्लाटॉक्सिन असेल तर 3.4 पट, फक्त हिपॅटायटिस बी असेल तर 7.3 पट, दोन्ही असतील तर 59.4 पट. म्हणजे 'हे की ते' हा माझा प्रश्नच अपुरा होता.

अजून एक खाचखळगा आहे. पेशींवरच्या प्रयोगांत अफ्लाटॉक्सिन इतर कोडॉनवरही चिकटलेलं दिसतं. त्यामुळे 249 वर बदल झालेल्या पेशी वाढीत पुढे निघत असाव्यात, हा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. शिवाय सगळ्याच गाठी या वाटेने जात नाहीत. 1998 मध्ये पॅरिसच्या गटाने तपासलेल्या मानवी गाठींपैकी सुमारे चतुर्थांश गाठींत बीटा-कॅटेनिनचं जनुक बदललेलं मिळालं. एरवी पेशी हे प्रथिन मोडून टाकते. बदलामुळे ते टिकून राहतं आणि डब्ल्यूएनटी संकेतमार्ग चालूच राहतो. पी53 मध्ये ब्रेक निकामी होतो, इथे ॲक्सिलरेटर अडकतो. पण हा बदल बघून गुन्हेगार कोण, ते सांगता येत नाही.

हे सगळं फक्त पेपरापुरतं नाही बरं का. चिडोंगमध्ये लोकांचा आहार मक्याकडून तांदळाकडे वळला, अफ्लाटॉक्सिन घटलं आणि पुढे तरुण पिढ्यांत हा कर्करोगही कमी झाला. तैवानने 1984 पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस दिली आणि मुलांमधलं प्रमाण घटलं. विष आणि विषाणू दोन्ही खरे आरोपी होते, म्हणून दोन्ही उपाय लागू पडले. एकालाच धरून बसलो असतो, तर दुसरा मोकळा सुटला असता.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी तुलनेचा गट शोधा आणि पेन्सिलने त्याखाली रेघ मारा. माझ्या 'सिद्ध झालं' स्लाइडवर आता लिहिलंय, "95 पैकी शून्य." मला विचाराल तर त्या पेपरातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे.