चालणाऱ्यांसाठी रचलेले संगीत

२९ जुलै १९८१. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये युवराज चार्ल्स आणि डायना यांचा विवाह. त्यासाठी मुद्दाम रचलेले समूहगीत कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर ऐकले. रचनाकार होते वेल्सचे विल्यम मथायस.

चर्चमधील ऑर्गनवादकांना हे नाव आधीपासूनच ठाऊक होते, ते १९६४ मधील 'प्रोसेशनल' या छोट्या रचनेमुळे. तिचे काम साधे : मिरवणूक दारापासून वेदीपर्यंत जाईतो तिला साथ देणे. अशा संगीताची पंचाईत ही, की ते ऐकायला कोणीच आलेले नसते. सगळ्यांच्या माना नवरीकडे! त्यामुळे ते बहुधा संथ, भारदस्त आणि थोडे कंटाळवाणे असते. मथायस यांनी मात्र त्याला हलका, उसळता ताल दिला.

त्यांनी तीन सिम्फनी लिहिल्या, आयरिस मर्डॉक यांच्या संहितेवर ऑपेरा रचला, बँगोरला प्राध्यापकी केली. तरीही त्यांचे संगीत आजही नित्य वाजते ते मुख्यतः चर्चमध्येच. ही उपेक्षा म्हणावी की भाग्य?

२९ जुलै १९९२ रोजी, त्या विवाहाला बरोबर अकरा वर्षे झाली त्याच दिवशी, वयाच्या ५७ व्या वर्षी ते निवर्तले. ज्या सेंट आसफ गावी त्यांनी १९७२ मध्ये संगीत महोत्सव सुरू केला, तेथील कॅथीड्रलच्या आवारातच त्यांची कबर आहे.