दक्षिण

दक्षिण : [सं.] वि. १. उजवा. २. उगवतीकडे तोंड केले असता उजव्या हाताला येणाऱ्या दिशेचा. ३. कुशल, सरळ मनाचा (हा अर्थ मराठीत मागे पडला, ‘दाक्षिण्य’त उरला आहे). साधित रूपे : दक्षिणी, दखनी, दाक्षिणात्य.

व्युत्पत्ती : आधी हात, मग दिशा. पूर्व ती समोरची, पश्चिम ती पाठीमागची, हाच हिशेब. उत्तरेचा मूळ अर्थ मात्र ‘अधिक वरची’. त्यामागे हिमालयाची उंची असावी असे मानतात. देवाला उजव्या हाताशी ठेवून घातलेली फेरी ती प्रदक्षिणा. लॅटिनमधील ‘डेक्स्टर’ (उजवा) हा याचा सगोत्र शब्द. इंग्रजी ‘सदर्न’चे मूळ हाताशी नव्हे, बहुधा सूर्यवाचक शब्दाशी जोडले जाते.

इतिहास : सुमारे इ.स. १५० च्या रुद्रदामनाच्या जुनागढ शिलालेखात सातकर्णीला ‘दक्षिणापथपती’ म्हटले आहे. ‘दख्खन’ हे प्राकृत ‘दक्खिण’वरून आले.

दक्षिणायन : पाहा ‘अयन’.

वनशास्त्रात : या विशेषणाचा सर्वांत काटेकोर वापर येथे आढळतो. चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनांचे दक्षिणी (५अ) आणि उत्तरी (५ब) असे उपगट आहेत. सागाचे शुष्क वन दक्षिणी गटात, सालाचे उत्तरी गटात. दमट पानझडी वनांतही सागाची जागा दक्षिणेकडेच. म्हणजे ‘दक्षिणी’ हा शब्द इथे नकाशावरची जागा सांगतो, तशीच झाडांची सोबतही सांगतो : साग, ऐन, बिजा, धावडा, बांबू. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवन हे याचे ठळक उदाहरण. तेथील सुमारे ६ हेक्टरचा जुन्या, उंच वृक्षांचा राखीव तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाला. या शब्दाचा अर्थ ज्याला पाहायचा आहे, त्याने कोशाआधी हे वन पाहावे.

स्थानिक प्रयोग : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागाला वृत्तपत्रे ‘दक्षिण गडचिरोली’ म्हणतात. आलापल्ली अहेरी तालुक्यात, त्याच पट्ट्यात. हे ‘दक्षिण’ जिल्हा मुख्यालयाच्या बाजूने ठरलेले. सिरोंच्याहून निघालेल्याला आलापल्ली उत्तरेला लागते. म्हणून स्थानवर्णनात हे विशेषण वापरताना ‘कोठून’ तेही लिहावे.