धरणाला ‘लेक’ कोण म्हणालं? : पवना, मुळशी आणि पाण्याखालची गावं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ऑफिसचे सहाजण पवनेला गेलो होतो. नेहमीचे तंबू नकोत, म्हणून यावेळी एकाने कॅरॅव्हॅन भाड्याने आणली होती. आत दोन बेड, छोटा ओटा, बेसिन, मागे टॉयलेट. अमेरिकेत लोक अशा गाड्या घेऊन महिनोन्‌महिने फिरतात आणि धरणांच्या काठावरच्या पार्कांत मुक्काम करतात, हे आपण यूट्यूबवर बघतोच. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरण छान आहे हो, पण मावळातल्या त्या रस्त्यावर ती गाडी वळवताना आमच्या ड्रायव्हर मित्राच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

तर संध्याकाळ. समोर पाणी, एका बाजूला तिकोना, दुसरीकडे तुंग, मागे लोहगड. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘नॅचरल लेक, नॅचरल पीस’. शेजारी जागेचे मालक काका शेकोटी पेटवत होते, साठीच्या पुढचे. मी त्यांना विचारलं, “काका, हे लेक किती खोल असेल?”

ते म्हणाले, “लेक बिक काय न्हाय, धरान हाय ते. आन खोल म्हनाल तर त्या तिथं आमचं घर व्हतं, तेवढं खोल.”

मी फोटो डिलीट केला. आणि मग नेहमीप्रमाणे रात्री दोनपर्यंत मोबाईलवर वाचत बसलो. हा एपिसोड त्यातूनच आलाय.

आधी पवना. हे धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. पवना नदी अडवली, गावं उठली, एक जुनं हेमाडपंती देऊळही पाण्यात गेलं. वाघेश्वराचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते देऊळ उघडं पडतं आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून खाली येतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. मी वाकडला राहतो. म्हणजे ज्या पाण्याकडे बघून मी ‘पीस’ लिहिलं, तेच मी रोज पितो, आणि हे मला माहीतच नव्हतं. बी.टेक. केलंय मी, सांगायला लाज वाटते.

याच पाण्यावरून ९ ऑगस्ट २०११ ला काय झालं ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. धरणातून थेट शहरापर्यंत बंद पाइपलाइन टाकायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, नदीतून पाणी वाहतं म्हणून आमच्या काठच्या शेतीला मिळतं, पाइपात घातलं तर आम्ही काय करायचं? बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. त्यात एक बाई होती. आपण वीकेंडला त्याच एक्स्प्रेसवेने जातो.

पण मावळात पाण्यावरून लोक रस्त्यावर उतरले ते काही पहिल्यांदा नव्हे. त्यासाठी नव्वद वर्षं मागे जावं लागतं, आणि एक डोंगररांग ओलांडून दक्षिणेला. मुळशीला.

मुळशी धरणाचं गणित इंजिनिअर म्हणून बघितलं तर भन्नाट आहे. नीला आणि मुळा या नद्या सह्याद्रीच्या अगदी कडेला उगम पावतात. पाऊस तुफान. पण उतार पूर्वेला, म्हणून हे पाणी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत पार बंगालच्या उपसागराला जातं. आता कडेवरून पश्चिमेला बघा, तर खाली कोकण, सरळ अर्धा किलोमीटर खोल. मग पाणी अडवायचं, बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळवायचं, पाइपातून खाली सोडायचं आणि पायथ्याला टर्बाइन फिरवायचं. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूची धरणं बांधून १९१५ मध्ये खोपोलीला वीज सुरू करून दाखवली होती. पुढचा नंबर मुळशीचा.

अडचण एकच होती. त्या खोऱ्यात माणसं राहत होती. पन्नासहून जास्त गावं, आणि आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी भातखाचरं. ज्याने डोंगरउतारावरचं खाचर बघितलंय त्याला कळेल, ते एका वर्षात होत नाही. बांध घालत, माती धरत, पिढ्या जातात. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता, आणि त्यात ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. भावावर वाद घाला, बस.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजारावर मावळे बांधाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पुण्यातून न. चिं. केळकरांसारखे पुढारी पाठीशी होते, वि. म. भुस्कुटे आणि पां. म. बापट प्रत्यक्ष मैदानात. कंपनीने काही महिने काम थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं. मग अटका, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह. बायकाही तुरुंगात गेल्या.

आता बापटांबद्दल थोडं थांबून बोलू, कारण मला या सगळ्यात तेच जास्त भिडले. जन्म १८८० चा, पारनेरचा. डेक्कन कॉलेजात शिकले, स्कॉलरशिप मिळाली, आणि कुठे गेले? एडिंबरोला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला! तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलले म्हणून स्कॉलरशिप गेली. मग पॅरिस, तिथे एका रशियनाकडून बॉम्ब बनवायची माहिती, मग भारतात परत, भूमिगत, हे सगळं आहेच. पण मला गंमत वाटते ती वेगळी. धरण, टर्बाइन, वीज म्हणजे काय हे त्या आंदोलनात सगळ्यात जास्त ज्याला कळत असेल, तो हाच माणूस. आणि तोच समोर उभा. माझ्या मते त्यांचा राग यंत्रावर नव्हताच. ज्याची जमीन बुडणार त्याला विचारायचंच नाही, यावर होता.

१९२४ मध्ये बापटांनी काही साथीदारांसह बांधकामाची रेल्वेगाडी अडवली. लोक जखमी झाले. अहिंसा वगैरेच्या चौकटीत हे बसत नाही, आणि बापटांनीही ते लपवलं नाही, स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. सात वर्षांची शिक्षा. बाहेर आले १९३१ मध्ये. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली.

आणि तोपर्यंत धरण झालं होतं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

लढाई का हरली? राजेंद्र व्होरा यांचं यावर पुस्तक आहे, त्याच्या इंग्रजी नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. त्यात जे येतं ते जरा टोचणारं आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा वेगळा, सातबाऱ्यावरचा मालक वेगळा. मालकांना भाव चांगला मिळाला की त्यांचा प्रश्न मिटला. मावळ्याला पैसे नको होते, खाचर हवं होतं. म्हणजे एकाच सत्याग्रहात दोन वेगळ्या मागण्या होत्या आणि त्यातली एकच पैशाने सुटणारी होती. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट द्यायला जो मीटिंगला बसला, तो युजर नव्हताच.

आता कोलाडला राफ्टिंग केलेल्यांनी हात वर करा. कधी विचार केलाय, भर मे महिन्यात, कोकणातल्या सगळ्या नद्या कोरड्या असताना कुंडलिकेलाच एवढं पाणी कुठून? ते मुळशीचं आहे. भिऱ्याला वीज करून झाली की पाणी खाली कुंडलिकेत जातं. सकाळी पाणी सोडतात, म्हणून राफ्टिंगही सकाळीच असतं. आपला गाइड ओरडतो ‘फॉरवर्ड!’ आणि आपण ज्या पाण्यावर उड्या मारतो ते खरं तर घाटावरच्या आंबेमोहोराच्या खाचरांवर साठलेलं पाणी आहे. मी तीनदा गेलोय. पुन्हाही जाईन, खोटं कशाला बोलू.

पवनेला दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चहा आणला. मी विचारलं, “काका, राग नाही येत? तुमचं घर बुडालं आणि आम्ही त्यावर गाणी लावून नाचतो.”

ते हसले. “राग कुनावर धरायचा? तंबू लावतो म्हनून पोरगं गावात ऱ्हायलं. न्हायतर तेबी गेलं असतं चाकनला.” मग कॅरॅव्हॅनकडे बघत म्हणाले, “फकस्त त्या गाडीचं संडासचं पानी कुठं सोडनार तेवढं सांगा. खाली आमचं देऊळ हाय.”

आम्ही सहाही जण एकमेकांकडे बघायला लागलो. कारण ती टाकी कुठे रिकामी करायची हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गाडी देणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं, आणि आख्ख्या काठावर त्याची सोय नव्हती. शेवटी टाकी तशीच भरलेली घेऊन घाट चढलो. तो प्रवास मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा मुळशीच्या किंवा पवनेच्या बुडालेल्या गावातले असतील तर त्यांच्याकडून गावाचं नाव, घर कुठे होतं, शेतात काय पिकायचं, एवढंच रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांची व्हॉइस नोट चालेल, मागे कोंबडा ओरडला तरी चालेल. पुढचा एपिसोड त्यांच्याच आवाजात करायचा विचार आहे. चला, भेटू.