कमोड म्हणजे सोय

फराळाच्या दिवसांत हा विषय काढला म्हणून घरातली वडील मंडळी डोळे वटारतील, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या शब्दाचा मूळ अर्थच 'सोय', त्याला सणासुदीला दाराबाहेर का उभे करावे?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची खोड जडली आहे. 'कमोड' हा लॅटिन भाषेतल्या 'कोमोदुस' म्हणजे 'सोयीचा' या शब्दाचा वंशज. फ्रान्सात १७००च्या सुमारास खणांच्या बुटक्या कपाटाला हे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक रात्रीचे भांडे पोटात दडवणाऱ्या लाकडी आसनाला कमोड म्हणू लागले. आपल्याकडे ते साहेबाच्या बंगल्यात आले. साहेबाची सोय झाली खरी. पण ते भांडे उपसण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्या सोयीचा विचार कोणी केला नाही. मैला हाताने वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारे कायदे झाले ते १९९३ आणि २०१३ साली. दरम्यान चिनी मातीचे, पाण्याने धुतले जाणारे पात्र आले आणि जुने नाव त्यालाच चिकटले.

आपण तरी कुठे सरळ बोललो? 'शेतखाना' म्हटले की आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला शेत आठवते. पण शेताचा येथे काही संबंध नाही. मूळ शब्द 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याचे घर! 'पायखाना' शब्दशः पायाचे घर. खास मराठी बोलणे तर माणसाला घराबाहेरच काढते: परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे. कऱ्हा-नीरेच्या काठी नदीकडे जावे, कालव्याचे पाणी येऊन ऊस पिकू लागल्यावर फडाच्या आडोशाला जावे. हातातले टमरेल मात्र इंग्रजी 'टंबलर', साहेबाचा पाणी पिण्याचा पेला!

या साऱ्या बोलण्यात क्रियापद एकच, 'जाणे'. मग ज्याला जाताच येत नाही, त्याने काय म्हणावे?

आमच्या आत्याबाईंचा खुबा मोडला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. 'भांडे द्या' हे शब्द सुनेपाशी त्यांच्या तोंडून निघेनात. त्यांनी उपाय काढला: पाणी पिणेच कमी केले. ओठ सुकले, लघवीला जळजळ सुरू झाली, ताप भरला, तेव्हा कोठे घरात उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले, "आजींना औषध देतो, पण आधी पाणी पाजा." पुतण्याने बारामतीहून मध्ये भोक आणि खाली भांडे असलेली खुर्ची आणली. पावतीवर 'कमोड खुर्ची' असे लिहिले होते. आत्याबाईंनी तिचे नाव नुसते 'खुर्ची' ठेवले. "सूनबाई, खुर्ची आण गं," असे त्या आल्यागेल्यासमोरही खणखणीत म्हणू लागल्या आणि तांब्याभर पाणी निर्धास्त पिऊ लागल्या.

लाज झाकण्यासाठी शब्द बनतात, त्याला माझी हरकत नाही. पण शब्द असा हवा, की तो तहानलेल्या माणसाला उच्चारता यावा. आपल्या घरात कोणी अंथरुणावर असेल, तर "जायचंय का?" असे विचारू नये. "खुर्ची आणू का?" असे विचारावे.