तिलाई (चित्रपट)

तिलाई हा इ.स. १९९० मध्ये प्रदर्शित झालेला, पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचा चित्रपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन इद्रिसा उएद्राओगो (१९५४–२०१८) यांनी केले. चित्रपट मोसी समाजाच्या मोरे भाषेत असून तिलाई या शब्दाचा अर्थ 'कायदा' असा होतो. त्याची लांबी ८१ मिनिटे आहे.

कथानक

दीर्घकाळ बाहेर राहिलेला सागा गावी परततो. त्याची वाग्दत्त वधू नोग्मा हिच्याशी दरम्यान त्याच्या वडिलांनीच विवाह केलेला असतो. त्यामुळे नात्याने ती आता सागाची सावत्र आई ठरते. तरीही दोघे गुप्तपणे भेटत राहतात. हे उघडकीस आल्यावर गावाच्या रूढीनुसार तो अगम्यगमनाचा गुन्हा मानला जातो आणि सागाला मृत्युदंड ठरतो. लज्जेने नोग्माचे वडील गळफास घेतात.

सागाला मारण्याचे काम त्याचा भाऊ कुग्री याच्यावर सोपवले जाते. कुग्री त्याला ठार मारल्याचे भासवतो आणि पुन्हा कधीही गावात न येण्याच्या अटीवर पळून जाऊ देतो. सत्य कळल्यावर नोग्माही गाव सोडून सागाकडे जाते. पुढे आई आजारी असल्याचे कळताच सागा अट मोडून परततो. तोवर आईचा मृत्यू झालेला असतो. तो जिवंत असल्याचे पाहून वडील कुग्रीला गावातून हद्दपार करतात. कुग्री सागाला गोळी घालतो आणि गाव सोडून चालू लागतो.

आशय

चित्रपटातील कायदा अलिखित आहे. वडिलांनी मुलाच्या वाग्दत्त वधूशी विवाह केला तरी तो त्यांना शिक्षा देत नाही. मात्र त्याच विवाहामुळे मुलाचे प्रेम गुन्हा ठरते. कुग्री दयेपोटी हा कायदा मोडतो, तेव्हा भाऊ वाचतो. अखेर तो कायदा अमलात येतो, पण तोवर कुटुंब उद्ध्वस्त झालेले असते. कथेचा काळ निश्चित सांगितलेला नाही. वसाहतवादी शासन किंवा शहर पडद्यावर कोठेही दिसत नाही. त्यामुळे संघर्ष पूर्णपणे घर आणि गाव यांच्या मर्यादेत राहतो.

निर्मिती

रास्माने उएद्राओगो (सागा), इना सिसे (नोग्मा) आणि आसाने उएद्राओगो (कुग्री) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. उएद्राओगो हे मोसी समाजातील अत्यंत प्रचलित आडनाव आहे. संगीत दक्षिण आफ्रिकेचे जॅझ पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम यांचे आहे. याब्बा (१९८९) या दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटाप्रमाणेच येथेही मोसी खेड्याची पार्श्वभूमी आहे.

पुरस्कार

१९९० च्या कान चित्रपट महोत्सवात तिलाईला ग्रां प्री हा पुरस्कार जपानी दिग्दर्शक कोहेई ओगुरी यांच्या चित्रपटासह विभागून मिळाला. १९९१ मध्ये बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू येथील फेस्पाको महोत्सवात 'एतालाँ द येनेंगा' हा सर्वोच्च पुरस्कार त्याने पटकावला.