हायपो : मालाडच्या डार्करूममधून रक्तवाहिनीकडे

हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. जर्मनीहून आलेल्या तंत्रज्ञांपैकी कॅमेरामन योझेफ विर्शिंग यांचं नाव आजही घेतलं जातं. प्रयोगशाळा सांभाळणारे विल्हेल्म झोले मात्र विस्मरणात गेले. ‘अछूत कन्या’चं प्रत्येक रीळ त्या प्रयोगशाळेतल्या हायपोतून पार पडलं, तेव्हाच ते उजेडात आणता आलं. डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं खरं, पण ज्या सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाश पडलेलाच नसतो ते फिल्मवर तसंच राहतं आणि उजेड लागला की काळं पडू लागतं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, त्या चांदीला धरून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं. मग फिल्म वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवायची, कारण मागे उरलेला हायपोच पुढे चित्र फिकं करतो. बॉम्बे टॉकीजच्याही आधी दादरला दादासाहेब फाळक्यांच्या घरी हेच काम सरस्वतीबाई करत होत्या. रसायनं कालवणाऱ्या, अंधारात फिल्म धुणाऱ्या त्या हातांचं ऋण आपण अजून पुरतं मानलेलं नाही.

गंधकाचं हे मीठ १७९९ साली फ्रान्सच्या शोसिए यांनी तयार केलं. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं. फोटोग्राफी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती आली तेव्हा, १८३९ साली, हर्शेल यांचं ते जुनं निरीक्षण कामी आलं.

पाण्यातल्या क्लोरीनलाही हायपो निष्प्रभ करतो. म्हणून नळाचं क्लोरीनयुक्त पाणी जंतूंसाठी तपासायचं तर नमुन्याच्या बाटलीत तो आधीच घातलेला असतो. सायनाइडच्या विषबाधेवरही तो जुना उतारा आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर पीडितांना तो द्यावा की नाही, यावरून मोठा वाद झाला. त्या वादात माणसं औषधासाठी ताटकळली, हे विसरता येत नाही.

रक्तवाहिनीपर्यंतची वाट मूतखड्यातून गेली. कॅल्शियमचे खडे पुन्हापुन्हा होणाऱ्या रुग्णांवर ग्रीसच्या यात्झिदिस यांनी हेच औषध वापरलं आणि १९८५ मध्ये यशाचं वृत्त दिलं. थायोसल्फेटबरोबरचं कॅल्शियम पाण्यात सहज विरघळतं, ही त्यामागची कल्पना. पुढे २००४ मध्ये कॅल्सिफायलॅक्सिसच्या रुग्णाला त्याने गुण आल्याचं प्रसिद्ध झालं. हा आजार मुख्यतः मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना होतो. त्वचेखालच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम साचतं, रक्त पोचत नाही, कातडी काळवंडते आणि असह्य वेदनेच्या जखमा होतात.

तेव्हापासून डायलिसिसच्या शेवटच्या तासात शिरेतून, बहुधा २५ ग्रॅमपर्यंत, थायोसल्फेट देण्याची पद्धत रुळली. पण ते नेमकं काय करतं? कॅल्शियमवरची त्याची पकड फारशी घट्ट नाही, त्यामुळे ‘साचलेलं विरघळवतं’ एवढं उत्तर पुरत नाही. ऑक्सिडीकरणाची इजा ते रोखत असावं, आणि त्यातून बनणारा हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणात रक्तवाहिन्यांना जपत असावा, असंही संशोधक मानतात. थायलंडमधल्या २०१० च्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांच्या हृदयधमन्यांतलं कॅल्शियम वाढणं थांबलं, पण खुब्याच्या हाडांची घनता घटली. शिवाय मळमळ होते, रक्तातली आम्लता वाढते. मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा अजून नाही.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत डायलिसिसच्या खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्यांना आणि बाहेर थांबलेल्या त्यांच्या माणसांना हे स्पष्ट सांगायला हवं. धमन्यांत कॅल्शियम साचू नये म्हणून रक्तातला फॉस्फरस आटोक्यात ठेवणं हे आधीचं काम. थायोसल्फेट द्यायचं की नाही ते मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवणार. गंधक आहे म्हणून लसणाच्या गोळ्या त्याची जागा घेणार नाहीत.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये थायोसल्फेटला नवी मान्यता दिली, पण ती रक्तवाहिन्यांसाठी नव्हती. कर्करोगावर सिस्प्लॅटिन घेणाऱ्या मुलांची श्रवणशक्ती वाचवण्यासाठी होती.