प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ जोपासण्यासाठी केलेली कृत्रिम प्रकाशाची व्यवस्था होय. केवळ मासे ठेवलेल्या मत्स्यालयात दिवा प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. प्रवाळ मत्स्यालयात मात्र प्रकाश हा बहुतेक प्रवाळांच्या पोषणाचा मुख्य आधार असतो. असे दिवे सामान्यतः रोज ८ ते १० तास चालू राहतात, त्यामुळे विजेच्या खर्चात त्यांचा वाटा मोठा असतो. ऊर्जाबचतीच्या दृष्टीने दिव्याची निवड करताना केवळ वॅटचा आकडा पाहणे पुरेसे नसते. खर्च झालेल्या विजेतून प्रवाळापर्यंत उपयुक्त प्रकाश किती पोहोचतो, हा महत्त्वाचा निकष आहे.

जीवशास्त्रीय आधार

प्रवाळ हे प्राणी आहेत. भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल सहजीवनाने राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रकाश अपुरा पडल्यास प्रवाळ तपकिरी पडतो, त्याची वाढ खुंटते आणि तो हळूहळू उपासमारीने मरतो.

प्रकाश वाढवीत नेल्यास प्रकाशसंश्लेषणही वाढते, परंतु एका मर्यादेपर्यंतच. या मर्यादेस संपृक्तता म्हणतात. त्यापुढील प्रकाशाचा प्रवाळाला उपयोग होत नाही. तो फार वाढल्यास सहजीवी शैवाल नष्ट होऊन प्रवाळ पांढरा पडतो. या स्थितीस विरंजन म्हणतात. अशा वेळी वीज तर वाया जातेच, शिवाय प्रवाळही दगावण्याची शक्यता असते. ट्युबॅस्ट्रियासारख्या काही प्रवाळांमध्ये झूझँथेली नसते. त्यांना प्रकाशाची गरज नसून नियमित खाद्य द्यावे लागते.

समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, तर निळा प्रकाश खोलवर पोहोचतो. झूझँथेलीतील हरितद्रव्य व पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळा प्रकाश चांगल्या प्रकारे शोषून घेतात. त्यामुळे या मत्स्यालयाच्या दिव्यांत ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे प्रमाण अधिक ठेवले जाते.

प्रकाशाचे मापन

घरगुती दिव्यांचा प्रकाश लुमेनमध्ये सांगितला जातो. हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले असून ही संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशास सर्वाधिक असते. निळ्या दिव्याचे लुमेन त्यामुळे कमी भरतात, जरी तो प्रवाळांस अधिक उपयुक्त असला तरी. घरगुती एलईडी दिव्यांवरील तारांकित पट्टी लुमेन प्रति वॅट या मोजमापावर आधारलेली असल्याने प्रवाळांसाठी दिवा निवडताना ती मार्गदर्शक ठरत नाही. लक्समापकाचे आकडेही याच कारणाने दिशाभूल करतात.

या कामासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातील प्रकाशसंश्लेषणोपयोगी प्रारण मोजले जाते. त्याला व्यवहारात ‘पार’ म्हणतात. त्याचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असे आहे. मत्स्यालय जोपासणाऱ्यांमध्ये पुढील मर्यादा ढोबळमानाने प्रचलित आहेत:

• मऊ प्रवाळ: ५० ते १५०
• युफिलियासारखे मोठ्या पॉलिपांचे कठीण प्रवाळ: ७५ ते १५०
• ॲक्रोपोरासारखे लहान पॉलिपांचे कठीण प्रवाळ: २०० ते ४००

दिव्याची कार्यक्षमता मायक्रोमोल प्रति जूल या एककात व्यक्त करतात. हा आकडा जितका मोठा, तितका त्याच विजेत अधिक उपयुक्त प्रकाश मिळतो.

दिव्यांचे प्रकार

मेटल हॅलाइड दिवे प्रखर असून खोल टाक्यांसाठी दीर्घकाळ वापरले गेले. ते साधारणतः १५०, २५० व ४०० वॅटचे असतात. त्यांची उष्णता मोठ्या प्रमाणावर पाण्याकडे जाते आणि बल्ब सुमारे वर्षभराने बदलावा लागतो.

टी-५ या फ्लुओरेसंट नळ्यांचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो. त्यांचा प्रकाश टाकीभर सारखा पसरतो व सावल्या कमी पडतात. मात्र नळ्यांचा प्रकाश मंदावत असल्याने त्या ९ ते १२ महिन्यांनी बदलतात. त्यांत पारा असल्याने जुन्या नळ्यांची विल्हेवाट काळजीपूर्वक लावावी लागते.

प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, हा सध्याचा प्रचलित प्रकार आहे. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीचा प्रकाश एका दिशेने जातो, त्याचे रंग व तीव्रता स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात आणि आयुष्य सामान्यतः सुमारे ५०,००० तास सांगितले जाते. एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशामुळे प्रवाळांच्या फांद्यांखाली गडद सावल्या पडतात, ही त्याची उणीव होय. मोठ्या टाकीवर त्यासाठी एकाच शक्तिशाली दिव्याऐवजी अनेक लहान दिवे किंवा पट्ट्या लावतात.

वीजवापर व उष्णता

उदाहरणादाखल, २५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे रोज ८ तास चालल्यास दिवसाला ४ युनिट, म्हणजे ३० दिवसांत १२० युनिट वीज लागते. त्यांच्या जागी एकूण २०० वॅटचे एलईडी दिवे पुरत असतील, तर तेवढ्याच वेळात ४८ युनिट लागतात. बचत ७२ युनिटांची होते.

प्रवाळ मत्स्यालयाचे पाणी सामान्यतः २४ ते २७ अंश सेल्सिअस राखले जाते. कोकण किनाऱ्यासारख्या उष्ण प्रदेशात त्यासाठी बहुधा चिलर वापरावा लागतो. दिव्याने पाणी तापले की ती उष्णता काढण्यासाठी चिलर पुन्हा वीज खर्च करतो. एलईडीची बहुतांश उष्णता पाण्याऐवजी दिव्याच्या पाठीमागील धातूच्या पंख्यांतून हवेत जाते, त्यामुळे चिलरवरील भार घटतो.

निवडीचे निकष

दिवा घेण्यापूर्वी कोणते प्रवाळ ठेवायचे हे ठरवणे आवश्यक असते. मऊ प्रवाळांच्या टाकीवर ॲक्रोपोरासाठीचा दिवा पूर्ण तीव्रतेने लावणे हा निव्वळ अपव्यय होय. उथळ टाकीस कमी प्रकाश पुरतो. एकाच टाकीत अधिक प्रकाश लागणारे प्रवाळ वर व कमी लागणारे खाली ठेवल्यास लहान दिवाही पुरेसा होऊ शकतो.

तीव्रतेइतकाच कालावधीही महत्त्वाचा आहे. २५० मायक्रोमोल तीव्रतेचा प्रकाश ८ तास मिळाला काय किंवा २०० मायक्रोमोलचा १० तास मिळाला काय, दिवसाची एकूण मात्रा प्रति चौरस मीटर ७.२ मोल इतकीच होते. दिव्यावरील काचेवर साचणारे मीठ प्रकाश अडवते; ते नियमित पुसल्यास वीज न वाढवता प्रकाश वाढतो.

जुना दिवा बदलून एलईडी लावताना विरंजनाचा धोका सर्वाधिक असतो. निळा प्रकाश डोळ्याला मंद भासत असल्याने तीव्रता नकळत जास्त ठेवली जाते. म्हणून पारमापकाने प्रवाळाच्या जागी मोजमाप करून, प्रारंभी कमी तीव्रता ठेवून ती काही आठवड्यांत हळूहळू वाढवण्याची पद्धत आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

भित्ती उभारणारे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. त्यामुळे मालवणसह भारतीय समुद्रातून ते काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा ठरतो. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रित केला जातो.